पाण्याचं सुतक

उजाडताना सुवर्णा चहाची कपबशी घेऊन सासूच्या बाजेपाशी गेली. "आत्याबाई, चहा," ती म्हणाली. चहासाठी मनकर्णाबाईंना दुसरी हाक कधी मारावी लागत नसे. म्हातारीला चहाचा वास वेशीवरून येतो, असं अख्खी गल्ली म्हणायची. आज दुसरी हाक झाली, तिसरीही झाली. सुवर्णानं कपबशी खाली ठेवून कपाळाला हात लावला. कपाळ गार पडलं होतं आणि चहा अजून वाफाळत होता.

दारात गोपाळ, तिचा नवरा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत होता. फावडं भिंतीला टेकवलेलं होतं. आज त्यांच्या मोसंबीच्या बागेची पाण्याची पाळी होती.

"अवो, जरा आत या."

"आता नको. गोकुळ तळ्याची चावी खोलून राह्यला असंन. पानी सुटलं आन् मी बागेत नसलो तं अर्धं नाल्यात जाते."

"आत्याबाई गेल्या."

गोपाळ आत आला. आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या दारातून वावराच्या दिशेनं पाहिलं. सुवर्णानं हंबरडा फोडायला तोंड उघडलं होतं. गोपाळनं तिच्या तोंडावर तळवा ठेवला.

"रडू नको," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "दुपारपर्यंत पानी व्हते. मी आलो की दोघंबी रडू. तवर माय झोपली हाये."

"असं कोनी करते का वो?"

"मंग बाग जाऊ दे? तिनं लेकरावानी वाढवलेली बाग?"

गोपाळनं फावडं उचललं आणि तो गेला. बाहेरच्या माणसाला हे राक्षसाचं वागणं वाटेल. म्हणून सायखेडीचा कायदा आधी सांगितला पाहिजे, आणि तो कोणी केला हेही.

सायखेडी देऊळगाव राजाच्या रस्त्यापासून आत, बरड माळावर बसलेलं गाव. चैत्र लागला की विहिरींच्या तळाला बेडूकही राहत नाही, प्यायचं पाणी टँकरनं येतं. तेच पाणी घराघरातून वापरून झालं की पूर्वी रस्त्यावर डबकी करायचं आणि डास पोसायचं. चार वर्षांपूर्वी गावात जमिनीखालून गटारीचे पाइप टाकले. उताराला आधी गाळ बसायची टाकी, मग गोट्यांचा वाफा, त्यात कर्दळ लावलेली, आणि शेवटी तळं. गावाचं सांडपाणी या सगळ्यातून फिरून तळ्यात यायचं तेव्हा त्याला वास उरत नसे. तळ्याला पाणी सोडायची-अडवायची चावी बसवली आणि खालच्या वावरांना पाळ्या लावून दिल्या. भर उन्हाळ्यात पाणी म्हणाल तर हे एवढंच.

पद्मजा मॅडम नावाच्या इंजिनेर बाई जिल्ह्यावरून आल्या होत्या. त्यांनी नियम समजावले. या पाण्यावर मेथी, मुळा, काकडी, कच्चं खायचं काहीच लावायचं नाही. फळझाडाला पाणी बुडाशी द्यायचं, फवारायचं नाही, पडलेलं फळ उचलून खायचं नाही. पायात बूट घालायचे, महिन्याला पाणी तपासायला पाठवायचं. ग्रामसभेनं माना डोलावल्या आणि चहा पिऊन होईस्तोवर सगळे नियम पास झाले. शहाण्या बोलण्याला गाव फार वेळ देत नाही.

वेळ गेला तो पुढच्याच वर्षी, मनकर्णाबाईंच्या नियमावर. त्यांचे दीर वामनराव वारले. या दोघांचं बांधावरून हयातभर भांडण. मेल्या माणसाला अंगणात आंघोळ घालतात, ते पाणी पूर्वी मातीत मुरायचं. आता अंगणाला उतार करून गटारीत सोडलेलं. वामनरावांच्या आंघोळीचं पाणी पाइपात गेलं, तळ्यात आलं, आणि पुढची पाळी नेमकी मनकर्णाबाईंच्या बागेची. म्हातारी स्वतः पाण्यावर होती. पाइपातून खोकला ऐकू आला म्हणाली. वामनरावांचा, दम्याचा, शेवटी शिव्या घालून थांबणारा. चावी सांभाळणारा गोकुळ म्हणाला, "मावशी, पाइपात हवा अडकते, तिचा आवाज हाये." पण पंधरवड्यात बांधालगतचं मोसंबीचं एक झाड उभ्याउभ्या वाळलं. त्यानंतर गावात आणखी चौघांना खोकला ऐकू आला. मग कोणाला आपली आजी ऐकू आली, कोणाला बाळंतपणात गेलेली सून.

ग्रामसभेत मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. गावात कोणाच्याही घरी मौत झाली की दहा दिवस चावी बंद. पाण्यानंही सुतक पाळलं पाहिजे. पद्मजा मॅडम समजावून थकल्या. आंघोळीचं पाणी वेगळ्या खड्ड्यात सोडा म्हणाल्या.

"मॅडम, पानी खड्ड्यात जाईन," मनकर्णाबाई म्हणाल्या, "मानूस कुठं जाईन? सुतकाच्या घरात दहा दिवस मानसं आंघोळी करतेत, धुनं धुतेत. ते समदं माह्या झाडाले पाजू का?"

प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी मेलेलं होतंच. नियम पास झाला, फलकावर रंगवला गेला.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. सायखेडीत उलटं झालं. म्हातारी मेल्याचंच दुःख, कारण तळ्याखालची वावरं दहा दिवस तहानेनं मरायची. उन्हाळ्यात कोणी म्हातारा खोकला की शेजारीपाजारी कान टवकारत. मग लोकांनी युक्ती काढली. चैत्र लागला की घरची थकलेली माणसं लेकीच्या गावी 'हवापालटाला' जाऊ लागली. तिकडे काय व्हायचं ते होवो. मनकर्णाबाईंना लेक नव्हती, गोपाळ एकटाच. आणि असती तरी त्या गेल्या नसत्या. "मी माह्या बागेत मरीन," असं त्या सांगायच्या. गेला महिनाभर त्या बाजेवर होत्या आणि दर पाळीच्या दिवशी उशी सरकवून विचारायच्या, "गोपाळा, झालं का पानी?" त्यांना नियम ठाऊक होता, त्यांचाच होता. या खेपेला मात्र पाणी व्हायला अर्धा दिवस कमी पडला.

बागेत यंदा पहिलीच फळं होती, लिंबाएवढी. गेल्या पाळीनंतर पानं सुरळ्या होऊन लोंबत होती. आज पाणी चुकलं, वर दहा दिवस सुतक, मग फेरा पुन्हा पहिल्यापासून. मोसंबी तेवढं सोसत नाही.

सुवर्णा बाजेपाशी बसली. सासूचे डोळे तिनं मिटले, पण एक पुरता मिटेना. तिनं पातळाचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मग, काय करावं न कळून, चहाची कपबशी बाजेखाली सरकवली. माशी बसली की हाकलायची. बाहेर अंगणात गटारीचं झाकण होतं, त्याखालून कोणाच्या तरी मोरीचं पाणी गुळगुळत जात होतं. आजवर तिनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. आज तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, कोणी घसा साफ करावा तसा.

"आत्याबाई, पानी चालू हाये बागेत," ती हळूच म्हणाली. आपण कोणाशी बोललो हे कळल्यावर तिच्या अंगावर काटा आला.

ऊन वर आलं आणि दारात सरस्वतीबाई उभ्या. अर्जुनरावांची बायको, भिंतीला भिंत लागून घर. हातात ताकाचा गडवा. "मावशीसाठी ताक आनलं वं. काल घोटभर मांगत व्हत्या."

"झोपल्या काकू. आत्ताच डोळा लागला."

पण सरस्वतीबाई आत आल्याच. आजारी माणसाच्या पायाला हात लावल्याशिवाय परत फिरू नये, ही त्यांची रीत. त्यांनी पातळाखाली हात घातला, पाऊल धरलं, आणि तो हात तसाच राहिला. सुवर्णा भिंतीकडे पाहत होती. तिला वाटलं, आता ही किंचाळेल, गल्ली गोळा होईल आणि बरं होईल. खरंच तिला तसं व्हायला हवं होतं. सकाळपासून गिळलेलं रडू छातीत दगडासारखं झालं होतं.

सरस्वतीबाईंनी हात काढून घेतला. पदर सावरला. मग गल्लीत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झोपा मावशी, निवांत झोपा. ताक ठेवलं हाये, उठल्यावर घ्या."

आणि सुवर्णाच्या कानाशी, "दुपारून आमची पाळी हाये वं. ऊस वाळून राह्यला. समजून घे."

"काकू, आमचे हे नंतर रडू म्हनले."

"रडा ना. रडू नका असं मी काऊन म्हनू?" सरस्वतीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मनकर्णाबाईंनी त्यांची दोन बाळंतपणं केली होती. डोळे पुसून त्या गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

त्यानंतर दारावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईची चाल बदलली. आधी घाईनं येत, दारापाशी पाय हळू होत, मग पुन्हा घाईनं जात. कोणी आत आलं नाही. सुवर्णाला समजलं की गल्लीला समजलं.

दुपारी गोपाळ आला. पाय चिखलानं भरलेले, बूट हातात. "झालं पानी. शेवटच्या झाडालोक गेलं," तो आईला म्हणाला. मग तिच्या उशाशी बसला आणि त्यानं हंबरडा फोडला. "माय वं! गेली वं माही माय!"

सायखेडीत असा आवाज उठला की हातातलं काम टाकून माणूस धावतं. चुलीवरची भाकर करपली तरी चालते. वैरीही येतो, वामनरावांच्या वेळी मनकर्णाबाईसुद्धा गेल्या होत्या. गोपाळनं पुन्हा हंबरडा फोडला. गल्ली चिडीचूप होती. पलीकडच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. सरस्वतीबाईंच्या दाराला आतून कडी लागली, ती सुवर्णानं ऐकली.

गोपाळ उठून दारात गेला. "अर्जुनकाका, माही माय मेली," तो रित्या गल्लीला म्हणाला.

"ऐकू आलं तं चावी बंद करा लागते ना," सुवर्णा म्हणाली. "म्हनून कोनाले ऐकू नाई आलं. आपल्याले तरी सकाळी कुठं ऐकू आलं व्हतं?"

गोपाळ उंबऱ्यावर बसला. सुवर्णाला त्याचा रागही आला होता आणि कीवही. शेवटी मागच्या दारानं गोकुळ आला. हात जोडून बाजेपाशी उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "गोपाळभाऊ, चावी मी अर्जुनरावाच्या वावराकडे फिरवून आलो. मी इथं आलो नाई, असं समजा. पन खांद्याले मानूस लागन तं हाये मी."

तिघांत तिरडी निघत नाही. त्यांनी बैलगाडी जुंपली, गोधडी अंथरली, मनकर्णाबाईंना निजवलं आणि वरून दुसरी गोधडी घातली. गाडी वेशीतून निघाली तेव्हा पारावर माणसं होती. एकानं हात जोडले आणि लगेच त्याच हातांनी टोपी सारखी केली. दुसऱ्यानं विचारलं, "दवाखान्यात का गोपाळ?" गोपाळनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी पुढं हाकली.

बागेच्या कोपऱ्यात, बांधापाशी, जिथं वामनरावांनंतर झाड वाळलं होतं, तिथं चितेपुरती जागा मोकळी होती. आंघोळ घालायला घरून घागर आणायची राहिली होती. टँकरचं पाणी घरी होतं, आणि घर मागं. सुवर्णानं इकडं तिकडं पाहिलं. मोसंबीच्या बुडाशी केलेल्या आळ्यांत सकाळचं पाणी अजून साचलेलं होतं. तिनं गाडीतला तांब्या बुडवला. गोपाळ म्हणाला, "ते नको," पण दुसरं होतं कुठं? अख्ख्या गावाच्या मोऱ्यांतून, कर्दळीतून, तळ्यातून आलेल्या पाण्यानं तिनं सासूला आंघोळ घातली. तोंड पुसलं, केस विंचरले. अंगावरून ओघळलेलं पाणी उतारानं परत आळ्यात गेलं आणि झाडानं ते पिऊन टाकलं. ज्या एका गोष्टीविरुद्ध म्हातारीनं गावाशी भांडण मांडलं होतं, ती तिच्याच झाडापाशी, सुनेच्या हातानं झाली. सुवर्णाला वाटलं, आता सासू उठून बसेल आणि बोल लावील. एक डोळा अजून अर्धा उघडा होता.

संध्याकाळी धूर उठला. शेजारच्या उसात अर्जुनराव पाण्यावर होते. त्यांनी धुराकडे पाठ केली. गावात ज्यानं त्यानं एकमेकाला सांगितलं, "गोपाळनं धुरा पेटवला वाटते." चैत्रात बांधावरचं गवत जाळतातच, त्यामुळे ते बोलणं खपून गेलं.

पाळ्यांचा फेरा संपायला आठवडा होता, आणि तेवढे दिवस सायखेडीनं मनकर्णाबाईंना मरू दिलं नाही. टँकरपाशी बाया विचारायच्या, "मावशीची तब्येत कशी हाये वं?" सुवर्णा पहिल्या दिवशी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हाये तशीच." सरस्वतीबाईंनी एकदा ताकही दिलं. गोपाळला डोकं भादरता येईना, पिंडाला कावळा बोलावता येईना. राख झाली होती, पण नदीवर न्यायची तर गाव ओलांडावं लागणार. ती मडक्यात, बागेत, झाडाला टांगलेली राहिली.

मेलेल्याला वाट दाखवावी लागते. दाखवली नाही तर माणूस ओळखीच्या घराकडेच येतो. सुवर्णा सवयीनं तीन माणसांच्या भाकरी थापायची. चहा ठेवला की दोन कप व्हायचे त्याचे तीन व्हायचे. भर दुपारी ओट्यावर सासूची काठी टेकल्याचा आवाज यायचा. ती बाहेर जाऊन पाहायची, मग गटारीच्या झाकणावर पाय देऊन उभी राहायची. खालून गुळगुळ यायची, थांबायची. एकदा त्यात तिला स्पष्ट ऐकू आलं, "झालं का पानी?" ती धावत आत आली आणि गोपाळला म्हणाली, "मले रडू द्या. आज रडू द्या, नाई तं मी येडी व्हईन."

"रड," गोपाळ म्हणाला.

ती बसली. पण रिकाम्या घरात, बंद दाराआड, कोणी गळ्याला मिठी मारायला नसताना रडू येईना. रडायलाही चार माणसं लागतात, हे तिला त्या दिवशी कळलं. सासू तिला बोलायची, टोचायची, पण तिच्या तापात रात्ररात्र जागायची. अशा बाईसाठी एक हुंदका निघू नये, याची तिला फार लाज वाटली.

बागेनं मात्र पानं उघडली. फळं टवटवीत झाली. गोपाळ सांजेला बागेतून यायचा आणि ते सांगायचं टाळायचा.

फेरा संपला त्या संध्याकाळी शेवटच्या वावराला पाणी पुरलं आणि तळ्याचा तळ दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा अंगण झाडत होती, तेवढ्यात सरस्वतीबाईंचा हंबरडा ऐकू आला. छाती बडवत त्या अंगणात आल्या. "गेल्या वं मावशी! आमाले सोडून गेल्या!" मागून बाया, त्यांच्या मागून अर्धं गाव. पुरुष खांद्यावर उपरणी टाकून ओट्यावर बसले. कोणी शिधा आणला, कोणी पिठलं-भाकर झाकून आणली. कोणी न्हाव्यालाही निरोप धाडला होता. अर्जुनराव गोपाळजवळ सरकले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चावी बंद केली बरं आजपासून. धा दिवस. मावशीचाच नियम, आपन मोडायचा नाई."

गोपाळनं मान हलवली.

सरस्वतीबाईंनी सुवर्णाला मिठीत घेतलं. त्यांचं अंग खरोखर थरथरत होतं. एवढ्या दिवसांचं रडणं त्यांनीही गिळलेलं होतं, हे सुवर्णाला त्या मिठीत समजलं. मग त्यांनी तोंड वर केलं आणि रीतीप्रमाणे विचारलं.

"कवा गेल्या वं बाई?"

बायांनी पदर तोंडाशी धरले, पुरुषांनी माना खाली घातल्या. सुवर्णानं गोपाळकडे पाहिलं. गोपाळ जमिनीकडे पाहत होता. तिनं दारातून आत पाहिलं, बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

"आत्ताच," सुवर्णा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.